पाते पोलादाचे, मूठ हाडाची

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावी डब्ल्यू. आर. केस अँड सन्स हा चाकूंचा जुना कारखाना आहे. ‘केस’ हे नाव १८८९ पासून चाकूंवर झळकते आहे. त्यांच्या मिटत्या चाकूचे पाते उघडले, की पात्याच्या मुळाशी एक बारीक आकडा कोरलेला दिसतो. समजा तो ६३१८ आहे. शेवटचे १८ हा चाकूच्या घडणीचा क्रमांक. त्याआधीचा ३ म्हणजे पाती तीन. आणि सगळ्यांत पुढे बसलेला ६ सांगतो, की मूठ हाडाची आहे. तिथे ५ असता तर मूठ सांबरशिंगाची, ३ असता तर पिवळ्या प्लास्टिकची, ८ असता तर शिंपल्याची. कारखान्याच्या हिशेबात चाकूची ओळख मुठीपासून सुरू होते.

याचे कारण चाकूच्या रचनेत आहे. पारंपरिक खिशातल्या चाकूला कुलूप नसते. पाठीमागची पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग, पाते उघडे किंवा मिटलेले धरून ठेवते. तिच्या दोन्ही बाजूंना पितळेचे पातळ पत्रे, त्यांवर मुठीच्या दोन चपट्या फळ्या आणि या सगळ्यांतून आरपार गेलेल्या धातूच्या बारीक खिळ्या. खिळीचे टोक हातोडीने ठोकून पसरवतात, तेव्हाच चाकू घट्ट बसतो. मुठीच्या जिनसेने हा मार सोसला पाहिजे. पुढे अनेक वर्षे घाम, पाणी, खिशातली ऊब आणि हातातून पडणेही सोसले पाहिजे. फळी आक्रसली, फुगली किंवा तडकली, तर पाते कितीही चांगले असले तरी चाकू खिळखिळा होतो.

एकोणिसाव्या शतकात या धंद्याची राजधानी इंग्लंडमधले शेफील्ड होते. छोट्या खोल्यांत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तिथल्या कारागिरांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही त्या शहरातली सर्वांत गाजलेली पेढी. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी तिने ‘नॉर्फोक नाइफ’ नावाचा अवाढव्य चाकू घडवला. त्याला ७५ पाती आणि अवजारे होती आणि मूठ कोरीव शिंपल्याची होती. मात्र शिंपला ही मिरवण्याची जिन्नस. तो झळाळतो, पण ठिसूळ असतो आणि पडला की त्याचा कपचा उडतो. म्हणून तो बहुधा सद्गृहस्थांच्या छोट्या कलमतराशांवरच राहिला. हस्तिदंतालाही तसाच मान होता. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला आणि नव्या चाकूंवरून तो जवळपास हद्दपार झाला.

कामाच्या चाकूंवर राज्य केले ते सांबरशिंगाने, आणि हे शिंग भारतातून जाई. युरोपातल्या बऱ्याच हरणांच्या शिंगाचा गाभा सच्छिद्र असतो. सांबराच्या शिंगाची बाहेरची भिंत जाड आणि घट्ट असते, गाभा थोडाच असतो, त्यामुळे खिळी ठोकताना ते दगा देत नाही. शिवाय वरची नैसर्गिक खडबडीत साल तशीच ठेवता येते, म्हणून ओल्या हातातही चाकू निसटत नाही. कारागिराची कसोटी जोडी जुळवताना लागते. शिंग आतून घासून सपाट करता येते, पण वरची साल घासली तर तिची शोभाच जाते. त्यामुळे सारख्या वाकाचे आणि सारख्या रंगाचे दोन तुकडे शोधावे लागतात.

सांबर दरवर्षी शिंगे गाळते, तेव्हा या व्यापारासाठी प्राणी मारावा लागत नाही, असा युक्तिवाद केला जाई. परंतु गळालेले शिंग कोणते आणि मारलेल्या सांबराचे कोणते, हे बाजारात ओळखणार कोण? भारताने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशा शिंगांची निर्यात बंद केली. ताडोबा-मेळघाटच्या जंगलांतली सांबरे आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहेत. परदेशात जुन्या साठ्यातल्या शिंगाचा भाव मात्र चढत गेला.

सांबरशिंग महाग, म्हणून त्याची नक्कल आली, आणि ही नक्कल अस्सलाच्या तोडीची ठरली. गुराच्या नडगीचे हाड जाड आणि त्यातल्या त्यात सपाट असते. त्यातली चरबी काढतात, करवतीने पट्ट्या पाडतात आणि यंत्राने वर खाचा घेतात. याला ‘जिगिंग’ म्हणतात. मग रंगात बुडवतात. खाचांत रंग गडद राहतो, उंचवटे वापराने उजळत जातात. म्हणून दहा वर्षे खिशात राहिलेला हाडाच्या मुठीचा चाकू नव्यापेक्षा देखणा दिसतो. हाड मिळते कत्तलखान्यातून, मांसाबरोबर. केसच्या कारखान्यात ते ब्राझीलच्या झेबू गुरांचे येते. वशिंडाची ही गुरे मूळची भारतातली. तिथल्या प्रसिद्ध ‘नेलोरे’ जातीचे नाव आंध्रातल्या नेल्लोरवरून पडले आहे. सांबर गेले, तरी चाकूच्या मुठीतला भारत असा वळसा घेऊन टिकला.

म्हशीचे शिंग ही वेगळी जिन्नस. सांबराचे शिंग हाडाच्या जातीचे, तर म्हशीचे शिंग आपल्या नखासारखे केराटिनचे. ते उष्णतेने मऊ होते आणि दाबून सपाट करता येते. मात्र कोरड्या हवेत ते वाकते, त्याचे पापुद्रे सुटतात आणि कीडही लागते. लाकडात शिसव आणि आबनूस यांना मान आहे. शिसवाच्या साऱ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून नियंत्रणाखाली आहे. फ्रान्सच्या साव्वा भागातल्या जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये सुरू केलेला चाकू साध्या बीच लाकडाचा असतो. फळ्या नाहीत, अखंड दांडा आणि त्यात पात्यासाठी खाच. पावसात लाकूड फुगून पाते अडकले, की दांड्याचे टोक टेबलावर ठोकायचे, पाते वर येते.

प्लास्टिकचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. १८७० च्या सुमारास आलेले सेल्युलॉइड हस्तिदंताची आणि कासवाच्या पाठीची हुबेहूब नक्कल करी, पण ते ज्वलनशील. जुने झाले की ते आक्रसते आणि त्यातून निघणाऱ्या वायूने त्याच पेटीतल्या शेजारच्या चाकूंचीही पाती गंजतात. संग्राहक असे चाकू वेगळे ठेवतात ते त्यामुळेच. ड्यूपाँट कंपनीने आणलेले डेलरिन हे प्लास्टिक मात्र टिकले. ते तडकत नाही, पाणी पीत नाही आणि त्यावर हाडासारख्या खाचा साच्यातच उमटवता येतात. ते हाड नाही, हे ओळखणे ग्राहकाच्या हाती आहे. कडेला भिंगाने पाहिले तर खऱ्या हाडात बारीक छिद्रांचे ठिपके दिसतात, डेलरिनमध्ये दिसत नाहीत.

मग घ्यावे काय? रोज फळ कापायला, दोरी तोडायला चाकू हवा असेल, तर हाडाची मूठ घ्या. गरम पाण्यात भिजत ठेवू नका आणि अधूनमधून तेलाचे बोट फिरवा, बाकी काही लागत नाही. मासळी, शेत किंवा होडीवरचे काम असेल, तर पिवळे प्लास्टिक किंवा डेलरिन बरे. गवतात पडलेली पिवळी मूठ चटकन सापडतेही. शिंपला भेट द्यायला ठीक. आणि सांबरशिंगाची मूठ भारतात कोणी विकायला आणली, तर ती घेऊ नका. हाड तेच काम कमी पैशात करते, आणि त्यासाठी जंगलाकडे बघावे लागत नाही.