पॉइंट्सवर खोली फुकट मिळते, बेट नाही : मालदीवला कुटुंब नेण्याआधी करायचा हिशोब

आपल्या समाजात आता बऱ्याच घरांत हॉटेलचे पॉइंट्स जमलेले असतात, पण घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. रत्नागिरी, रायगडकडचा मुलगा आखातात नोकरीला असतो, कंपनीच्या कामासाठी महिन्यातून चार रात्री हॉटेलात राहतो. पुण्या-मुंबईतली मुलगी आयटी कंपनीच्या कामाने फिरते. मॅरियट, हिल्टन किंवा आयएचजीसारख्या साखळीचं सदस्यत्व फुकट मिळतं. त्यांच्या बहुतेक ब्रँड्समध्ये खोलीभाड्याच्या प्रत्येक डॉलरमागे साधारण १० पॉइंट्स खात्यात पडतात. दोन-तीन वर्षांत आकडा लाखाच्या पुढे जातो आणि मग घरात विषय निघतो, "यंदा सुट्टीत मुलांना मालदीवला न्यायचं का? राहणं तर फुकटच आहे."

राहणं फुकट होऊ शकतं, हे खरं. पण मालदीवमध्ये खोलीचं भाडं हा खर्चाचा एक भाग आहे. बोट, जेवण आणि कर हे तिथले मोठे खर्च, आणि पॉइंट्स त्यांना हात लावत नाहीत. हा हिशोब आधी न केल्यास "फुकट" सहलीचं बिल दोन लाखांच्या वर जाऊ शकतं, आणि तेव्हा आपण समुद्राच्या मधोमध असतो.

पॉइंट्स नेमके कुणाचे?

पहिला प्रश्न हलाल-हरामचा आहे, म्हणून तो आधी घेऊ. कंपनीच्या पैशावर राहून मिळालेले पॉइंट्स बहुतेक कंपन्या कर्मचाऱ्याला वापरू देतात, पण सगळ्याच देतात असं नाही. हा अमानतीचा मामला आहे. कंपनीचा प्रवास-नियम वाचा किंवा एचआरला सरळ विचारा. एका ईमेलने दिलाची शंका मिटते.

दुसरे पॉइंट्स क्रेडिट कार्डातून येतात. एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉन्व्हॉय कार्ड भारतात २०२३ पासून आहे. अमेरिकन एक्सप्रेसचे पॉइंट्स मॅरियट आणि हिल्टनमध्ये वळवता येतात. कार्ड वापरण्याबाबत उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, आपण ज्यांना मानतो त्यांना विचारावं. पण एका गोष्टीवर वाद नाही : बिल मुदतीत पूर्ण भरलं नाही तर व्याज लागतं आणि ते रिबा आहे. दुनियेच्या हिशोबानेही हा तोट्याचा सौदा आहे. अनेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. पॉइंट्ससाठी खर्च वाढवला आणि एक महिना बिल थकलं, की पॉइंट्सची कमाई तिथेच बुडाली.

पॉइंट्स वापरण्याचे नियम

काही नियम पाठ असलेले बरे.

बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या ॲप किंवा वेबसाइटवरूनच करा. इतर प्रवास-साइटवरून केलेल्या बुकिंगवर सहसा पॉइंट्स मिळत नाहीत.

पॉइंट्सना मुदत असते. मॅरियट आणि हिल्टनमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट्स जातात. आयएचजीच्या साध्या सदस्यांसाठी ही मुदत १२ महिन्यांची आहे. थोडे पॉइंट्स कमावले किंवा वापरले तरी खातं जिवंत राहतं.

एका रात्रीचा पॉइंट्समधला भाव ठरलेला नसतो, तो तारखेप्रमाणे वर-खाली होतो. डिसेंबर अखेरीस मालदीवचा भाव चढलेला असतो. तिकडे पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत पॉइंट्स कमी लागू शकतात, पण मुलं खोलीत बसून पाऊस बघत राहण्याचीही तयारी ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत हवा सुधारायला लागलेली असते.

मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर सर्वांत स्वस्त रात्रीचे पॉइंट्स माफ होतात. हिल्टनमध्ये पाचवी रात्र मोफत मिळते, पण सिल्व्हर किंवा त्यावरचा दर्जा असलेल्या सदस्यालाच. हिल्टनमध्ये घरच्या आणि ओळखीच्या माणसांचे पॉइंट्स मोफत एकत्र करता येतात. भावाचे ४०,००० आणि बहिणीचे ६०,००० वेगवेगळे पडून राहण्यापेक्षा एका खात्यात आले तर उपयोगी पडतात.

हिल्टनच्या ॲपवर "स्टँडर्ड रूम" आणि "प्रीमियम" हा फरक नीट बघा. स्टँडर्ड खोल्या संपल्या की तेच रिसॉर्ट पॉइंट्समध्ये कित्येक पट महाग दाखवतं. तारखा दोन-चार दिवस पुढे-मागे करून बघितल्या की भावातला फरक लगेच कळतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, शोधताना घरातली सगळी माणसं, मुलांच्या वयासकट भरा. "दोघे" लिहून बुक केलं आणि चौघे उतरले तर जादा माणसांचे पैसे तिथे रोख मागितले जातात, किंवा दुसरी खोली घ्या म्हणतात. अम्मी-अब्बांना सोबत न्यायचं असेल तर बहुधा दोन खोल्या लागतील, म्हणजे पॉइंट्स दुप्पट.

बोट की सी-प्लेन?

मालदीवची बहुतेक रिसॉर्ट्स म्हणजे एक बेट, एक हॉटेल. मालेच्या वेलाना विमानतळावर उतरल्यावर पुढे स्पीडबोट, सी-प्लेन किंवा देशांतर्गत विमान घ्यावं लागतं, आणि ते रिसॉर्टच ठरवतं. ओला-उबरसारखी स्वस्त गाडी शोधण्याची सोय इथे नाही.

लांबच्या रिसॉर्ट्सना सी-प्लेन लागतं. अनेक ठिकाणी त्याचं जाण्या-येण्याचं भाडं माणशी ४०० ते ६०० डॉलरच्या घरात असतं. शिवाय सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र मालेजवळ वेगळे पैसे देऊन काढावी लागते आणि रिसॉर्टची एक रात्र वाया जाते. सामानाची मर्यादाही साधारण २० किलोची.

म्हणून कुटुंबासाठी स्पीडबोटने पोचता येणारी रिसॉर्ट्स आधी बघावीत. मॅरियटचं शेरेटन फुल मून, हिल्टनचं अमिंगिरी आणि आयएचजीचं हॉलिडे इन कंदूमा ही तिन्ही स्पीडबोटच्या टप्प्यात आहेत.

चौघांचं बिल किती?

आता कागद-पेन घ्या. आई-वडील, ७ आणि ११ वर्षांची दोन मुलं, पाच रात्री, खोली पूर्ण पॉइंट्सवर. बोट आणि जेवणाचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येक रिसॉर्टचे वेगळे असतील. कराचे दर मात्र खरे आहेत.

ग्रीन टॅक्स : १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी, प्रत्येक रात्रीला १२ डॉलर. दोन वर्षांखालच्या मुलांना माफ. चौघांचे पाच रात्रींचे २४० डॉलर. खोली पॉइंट्सवर असली तरी हा कर द्यावाच लागतो.

स्पीडबोट : मोठ्यांचे १५० आणि मुलांचे ७५ डॉलर धरले तर जाऊन-येऊन ४५०.

जेवण : बेटावर दुसरं हॉटेल नाही, ठेला नाही, दुकान नाही. मोठ्यांचे रोज १०० आणि मुलांचे ५० डॉलर धरा. दिवसाचे ३००, पाच दिवसांचे १,५००. यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १७ टक्के पर्यटन जीएसटी लागतो (१ जुलै २०२५ पासून हा दर १६ वरून १७ झाला). १,५०० चे झाले साधारण १,९३०. मेन्यूवर "प्लस प्लस" अशी खूण दिसली की समजायचं, छापलेल्या भावात अजून जवळपास २९ टक्के वाढ आहे.

एकूण २,६२० डॉलर. सोयीसाठी डॉलरला ९० रुपये धरले तर सुमारे २ लाख ३६ हजार रुपये. विमानाचं तिकीट वेगळं. आणि ही झाली "राहणं फुकट" असलेली सहल!

वरच्या दर्जाच्या सदस्यांना काही ठिकाणी नाश्ता मोफत मिळतो, पण बहुधा दोघांनाच. मुलांचा नाश्ता धरला आहे का, हे रिसॉर्टला ईमेल करून लेखी घ्या.

अर्धे दिवस वस्तीच्या बेटावर

मालदीव हे मुस्लिम राष्ट्र आहे, आणि त्याचा आपल्याला सरळ फायदा होतो. रिसॉर्टच्या बेटांवर परदेशी पाहुण्यांसाठी दारू मिळते. स्थानिक लोक राहतात त्या बेटांवर दारूला बंदी आहे. तिथे गल्लीत मशीद आहे, पाच वेळा अजान होते, साध्या हॉटेलात हलाल जेवण मिळतं. माले बेटाच्या दक्षिणेला स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासावर असलेलं माफुशी अशा गेस्टहाउससाठी प्रसिद्ध आहे.

मग पाचही रात्री रिसॉर्टमध्ये घालवण्यापेक्षा दोन रात्री पॉइंट्सवर रिसॉर्टमध्ये आणि तीन रात्री गेस्टहाउसमध्ये काढल्या तर? वरच्याच पद्धतीने हिशोब मांडू. रिसॉर्टचे दोन दिवस : जेवण करांसह ७७२, ग्रीन टॅक्स ९६, बोट ४५०. माफुशीचे तीन दिवस : खोली रोज ८० धरून २४०, बाहेरचं जेवण रोज ५० धरून १५०, ग्रीन टॅक्स ७२ (५० किंवा कमी खोल्यांच्या गेस्टहाउसला दर निम्मा, ६ डॉलर), माफुशीची बोट सगळ्यांची मिळून २००. एकूण १,९८० डॉलर. म्हणजे ६४० डॉलर, सुमारे ५७ हजार रुपये वाचले. शिवाय चार रात्रींऐवजी दोनच रात्रींचे पॉइंट्स गेले, म्हणजे निम्मे शिल्लक राहिले.

एक खबरदारी घ्या. रिसॉर्टची बोट दोन रात्रींना जितकी तितकीच पाच रात्रींना पडते. म्हणून ही विभागणी जवळच्या, स्पीडबोटच्या रिसॉर्टबरोबरच जमते. दोन रात्रींसाठी सी-प्लेनचं भाडं भरणं ही फिजूलखर्ची होईल. आणि रात्री आधी वस्तीच्या बेटावर, शेवटी रिसॉर्टवर ठेवा. मुलं आधी रिसॉर्ट बघून आली तर गेस्टहाउसमध्ये नाकं मुरडतील!

नमाज, पर्दा आणि ताट

रिसॉर्टमध्ये डुकराचं मांस आणि दारू वापरली जाऊ शकते. बुकिंगनंतर ईमेलने तीन गोष्टी सांगून ठेवा : आम्हाला हलाल जेवण हवं, सॉसमध्ये वाइन नको, खोलीच्या मिनीबारमधून दारू काढून ठेवा. मालदीवमध्ये अशी मागणी कुणाला नवीन नाही, कारण तिथले कर्मचारी बहुतेक मुस्लिमच आहेत. त्यांच्यासाठी रिसॉर्टवर मशीद असते. जमात कधी होते ते रिसेप्शनला विचारा.

घड्याळाकडे विशेष लक्ष द्या. मालदीवची वेळ भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे. पण काही रिसॉर्ट्स स्वतःचं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात. मोबाइल ॲपमधली नमाजची वेळ आणि रिसॉर्टचं घड्याळ जुळत नसेल तर कारण हेच. किबला पश्चिम आणि वायव्य यांच्या मध्ये, आपल्याकडच्यापेक्षा वायव्येला जास्त झुकलेला.

रिसॉर्टच्या किनाऱ्यावर पोशाखाचं बंधन नसतं. घरातल्या बायकांना मोकळेपणाने पाण्यात उतरायचं असेल तर स्वतंत्र पूल आणि कुंपण असलेल्या खोलीला किती जादा पॉइंट्स किंवा पैसे लागतात ते बघा. वस्तीच्या बेटांवर बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर चालते, बाकी किनारा आपल्या कुटुंबांना सोयीचा.

परतीच्या दिवशी वेळ असेल तर मालेमधली हुकुरु मिस्की, म्हणजे जुनी जुमा मशीद, मुलांना दाखवा. प्रवाळाचे दगड कोरून सतराव्या शतकात बांधलेली ही मशीद आजही उभी आहे. त्याच्याही तीनशे वर्षं आधी इब्न बतूता हिंदुस्थानातून इथे आला होता आणि त्याने इथे काझीचं काम केलं होतं.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला मालदीवमध्ये उतरल्यावर मोफत व्हिसा मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ हवं. "इमुगा" नावाचा सरकारी ऑनलाइन फॉर्म प्रवासाआधीच्या ९६ तासांत प्रत्येकासाठी भरायचा असतो. तो मोफत आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. पॉइंट्सचं बुकिंग सहसा रद्द करता येतं, पण बेटांवर त्याची मुदत शहरातल्या हॉटेलपेक्षा बरीच आधी संपते. ती तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. पॉइंट्सचा मालक दुबईत आणि कुटुंब मुंबईत असेल, तर बुकिंगमध्ये आधी पोचणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव जोडून घ्या, नाहीतर चेक-इन अडतं. दुबई आणि मुंबई दोन्हीकडून मालेला थेट विमानं आहेत, त्यामुळे वर्षभर न भेटलेलं कुटुंब तिथेच एकत्र येऊ शकतं.

आणि शिल्लक राहिलेल्या पॉइंट्सचं काय? मॅरियट आणि हिल्टन या दोन्ही साखळ्यांची हॉटेलं मक्का आणि मदिनेतही आहेत, काही तर हरमपासून चालत जाण्याइतकी जवळ. रमजानमध्ये तिथला भाव खूप चढतो, इतर महिन्यांत आवाक्यात येतो. गुडघे दुखणाऱ्या अम्मी-अब्बांसाठी उमऱ्यात हॉटेल जवळ असणं ही किती मोठी सोय आहे, हे जाऊन आलेल्यांना विचारा. मालदीवमध्ये वाचवलेल्या दोन रात्री इन्शाअल्लाह तिथे कामी येतील.