जुनी फियाट आणि घरची दुरुस्ती

नेवाशाला आलेला पाहुणा प्रथम पैसाचा खांब पाहतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली अशी सर्वांची श्रद्धा आहे. खांब जुना, त्याच्या भोवती उभे असलेले आजचे मंदिर मात्र पुष्कळ नंतरचे. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. जपायचे काय आणि नवे बांधायचे काय, याचा निवाडा इथल्या लोकांनी केव्हाच करून टाकला आहे. आमचा आजचा विषय मोटारीचा आहे. पण जुनी मोटार घरी सांभाळू पाहणाऱ्या माणसालाही पहिल्या दिवशी हाच प्रश्न सोडवावा लागतो: हिच्यातला खांब कोणता?

जुनी मोटार म्हटली की संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस डोळ्यांपुढे येतात. त्या गाड्यांची काळजी वाहायला त्यांचे धनी समर्थ आहेत. आपल्या तालुक्याच्या गावी वाड्याच्या पडवीत किंवा गोठ्याच्या आडोशाला ताडपत्रीखाली जी गाडी सापडते ती फियाट. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. तेथे १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली. पुढे नाव बदलून ती प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. परवान्यांच्या त्या काळात नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. डॉक्टर, वकील, साखर कारखान्याचे संचालक यांच्या दारात ती आली की गावात बातमी होई. अशा गाडीचा आज मालक असलेला नातू तिला मोडीत घालायला तयार होत नाही, ते आम्हांला अगदी समजते.

आता खांबाविषयी. जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर सांगाडा ठेवलेला असतो. फियाट ११०० ला अशी वेगळी चौकट नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा. तळाचा पत्रा, दाराखालचे उंबरे आणि मागचे पाटे जिथे बसतात ती जागा यांवर साऱ्या गाडीचा भार असतो. म्हणून गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी पायाखालची रबरी चटई उचलून पाहावी आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा दाबावा. टोक आत गेले तर वरचा चकचकीत रंग हा केवळ देखावा होय. मुंबईत आयुष्य काढलेल्या गाडीत खाऱ्या हवेने हा पत्रा हमखास खाल्लेला असतो. आपल्याकडची हवा कोरडी, पाऊस बेताचा; त्यामुळे आपल्या गाडीचा पत्रा टिकतो, पण उन्हाने रबर मात्र तडकते. इंजिन पुन्हा बांधता येते, आसने नव्याने शिवता येतात. कुजलेला तळ पुट्टी भरून झाकणे ही मात्र शुद्ध फसवणूक आहे. तेथे नवा पत्रा कापून जोडावाच लागतो, आणि ते काम चांगल्या वेल्डिंगवाल्याचे आहे.

दुसरी गोष्ट अशी, की चालून जितकी झिजते त्याहून अधिक ही गाडी उभी राहून बिघडते. उभ्या गाडीतले पेट्रोल कार्बोरेटरमध्ये उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. ब्रेकच्या सिलिंडरातले रबरी वायसर जागीच धरतात, बॅटरी बसते, आणि वायरी कुरतडायला उंदीर येतात ते वेगळेच. यावर उपाय म्हणून पुष्कळ जण रोज सकाळी पाच मिनिटे गाडी जागेवर चालू करतात. आमच्या मते हा उपाय रोगाहून वाईट आहे. इंजिन पुरते तापत नाही. जळणातून झालेल्या पाण्याची वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये थिजून बसते आणि आतून गंज धरते. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी.

तापण्याचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडे रेंगाळावे लागेल, कारण या गाडीचा खरा शत्रू उष्णता आहे. १०८९ घन सेंटिमीटरचे तिचे चार सिलिंडरांचे इंजिन तसे काटक. पण खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. दोन धातू सारखे फुगत नाहीत. पाणी संपून इंजिन एकदा भडकले की हेड वाकते, मधले गॅस्केट जळते, आणि ऑइलमध्ये पाणी मिसळून ते ताकासारखे पांढरट होते. आपल्या बोअरचे पाणी किती जड आहे हे ज्याच्या घरी बंब आहे त्याला सांगायला नको. बंबात जो क्षाराचा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून नळाचे किंवा बोअरचे पाणी न घालता बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी कूलंट मिसळून घालावे, होज पाइप हाताने दाबून पाहावेत, टणक झालेला पाइप फुटण्याची वाट न पाहता बदलावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे, आणि तो आपल्या तालुक्याला जवळचा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल उसापासून होते, आणि सोनई नि भेंडे येथे साखर कारखाने असलेल्या आपल्या भागाने त्याला नावे ठेवावीत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु साठ-सत्तर सालची गाडी बनली तेव्हा तिच्या रबराला या द्रवाची कल्पना नव्हती. जुने पाइप त्याने फुगतात, मऊ पडतात, आणि तडकतात. पेट्रोल पंपाचा पडदाही तसाच खराब होतो. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि टाकी आतून गंजते. यातला धोका पैशाचा नाही, आगीचा आहे. झिरपणारा थेंब तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडला तर गाडी काही मिनिटांत जाते. तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉल सोसणारी घालावी, महिनोन् महिने पेट्रोल साठवू नये, आणि आसनाखाली अग्निशामक नळकांडे ठेवावे. इंजिनाभोवती पेट्रोलचा वास आला तर किल्ली फिरवायचीच नाही.

घरी करण्यासारखी कामे पुष्कळ आहेत. गाडी सुरू होत नसेल तर प्रथम ठिणगी पाहावी, मग पेट्रोल. दोन्ही एकदम शोधू लागलेला माणूस संध्याकाळपर्यंत काहीच शोधत नाही. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट काळे पडले असतील तर साफ करून फिलर गेजने अंतर नीट करावे. प्लग काढून त्यांचा रंग पाहावा: फिकट तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. ऑइल बदलणे, पुढच्या किंगपिनांना ग्रीस देणे, फॅन बेल्टचा ताण पाहणे ही कामे बारावीतला मुलगाही शिकू शकेल. मुलींनाही शिकवावीत, हेही जाता जाता सांगून टाकतो.

ब्रेक मात्र शिकाऊ हाताचे काम नव्हे. या गाडीत चारही चाकांना ब्रेकचे तेल एकाच मार्गाने जाते. एका चाकाचा वायसर फाटला की पायाखालचा पेडल जमिनीला टेकतो आणि चारही ब्रेक जातात. तेल दर दोन वर्षांनी बदलावे, कारण तेही ओल ओढते. आणि सिलिंडर उघडायचे असतील तर जाणत्या मिस्त्रीला बोलवावे. गाडीखाली जातानाही नुसत्या जॅकवर भरवसा टाकू नये. घोडी लावावी. विटांची चळत लावून खाली शिरणारे आम्ही पाहिले आहेत; वीट भाराखाली एकाएकी फुटते.

मिस्त्रीचे नाव घेतले, पण आता तोच दुर्मिळ होत चालला आहे. मुंबईच्या हजारो टॅक्सींनी या गाडीचे सुटे भाग आणि तिचे कारागीर जिवंत ठेवले होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तेव्हा जो जुना मिस्त्री नगरला किंवा श्रीरामपूरला अजून हाताशी आहे त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसावे, तो काय करतो ते वहीत टिपावे, निघालेला जुना भाग फेकू न देता डब्यात चिठ्ठी लावून ठेवावा. नवा भाग बसला नाही तर मापाला जुनाच उपयोगी पडतो.

शेवटी कायद्याचे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये या पंगतीत बसली. परंतु अशी नोंदणी घेतली की गाडी नित्याच्या वापराला काढता येत नाही. ज्याला रविवारी बाजाराला फियाटनेच जायचे आहे त्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी, असे आमचे मत आहे. ज्याला ती केवळ जपायची आहे त्याने व्हिंटेज खुशाल घ्यावी: प्रदर्शनाला, मेळाव्याला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला ती रस्त्यावर नेण्याची मुभा नियमांत आहे.