भाट्येच्या किनाऱ्यावरची चायनीज भेळ: त्यात चीनचं किती, आपलं किती आणि घाबरायचं कशाला?

संध्याकाळी रत्नागिरीतून पूल ओलांडून भाट्येला जायचं, वाळूत चालायचं, झरी विनायकाला नमस्कार करायचा आणि भूक लागली की चायनीजची गाडी गाठायची. तळलेल्या नूडल्स, कोबी, सिमला मिरची, वर लालभडक शेजवान सॉस. झाली चायनीज भेळ!

पण ही डिश चीनमध्ये मागितली तर कुणालाच कळणार नाही. मग ती आली कुठून?

आधी कोलकाता, मग मुंबई

अठराव्या शतकाच्या शेवटी यांग ताई चाऊ नावाचा चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. कोलकात्याजवळच्या अछिपूर गावाचं नाव त्याच्यावरूनच पडलं. पुढे आणखी चिनी लोक आले. त्यातल्या हक्का समाजानं टांगरा भागात चामड्याचे कारखाने काढले आणि नंतर हॉटेलं. म्हणजे 'हक्का' हे नूडल्सचं नाव नाही, माणसांचं आहे.

मंचुरियन तर पक्कं मुंबईकर. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा बनवलं, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर.

शेजवानमध्ये नाही, ते तिरफळात आहे

शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणाची ओळख म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी. आपल्या गाडीवरच्या सॉसमध्ये ती सहसा नसतेच. असते लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर.

गंमत म्हणजे तिची चुलत बहीण कोकणातल्या प्रत्येक घरात आहे. बांगड्याच्या कालवणात आई टाकते ते तिरफळ! दोन्ही झाडं 'झँथोझायलम' या एकाच वंशातली. म्हणजे गाडीपेक्षा सिचुआनच्या जास्त जवळ घरचं कालवण आहे.

सकाळी सकाळी नूडल्स?

आपल्याकडे नूडल्स म्हणजे संध्याकाळचं खाणं. सिंगापूर-मलेशियात मात्र लोक सकाळी कॉफी शॉपमध्ये जाऊन परतलेल्या तांदळाच्या नूडल्सचा नाश्ता करतात. कोलकात्याच्या टिरेटा बाजारातही सकाळचा चिनी नाश्ता प्रसिद्ध आहे.

विचित्र वाटतं? मग शिरवाळे आठवा. तांदळाचं पीठ शिजवून साच्यातून दाबलेल्या शेवया आणि सोबत नारळाचा गोड रस. तांदळाच्या नूडल्स कोकणाला नवीन नाहीत, आपण त्यांना नूडल्स म्हणत नाही एवढंच.

आता मुद्द्याचं: घाबरायचं कशाला?

बहुतेकांचं उत्तर असतं, अजिनोमोटो. १९०८ साली जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळं केलं. टोमॅटोतही ते नैसर्गिकरीत्या असतं. भीती पसरली ती १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रामुळे. नंतरच्या अभ्यासांत, नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्यावर अपाय होतो असा ठोस पुरावा मिळाला नाही.

खरी काळजी आहे ती लाल रंगाची. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग सापडले होते. त्यात रोडामाइन-बी सुद्धा होता. हा कापड रंगवायचा रंग, खाण्यात पूर्ण बंदी असलेला. गोव्यात म्हापसा नगरपालिकेनंही २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनच्या स्टॉलवर बंदीचा निर्णय घेतला, तेव्हाही रंग आणि स्वच्छता हेच मुद्दे होते.

दुसरी काळजी तेलाची. तळून तळून तेल खराब होतं, तसे त्यात 'पोलर कंपाउंड' नावाचे घटक वाढतात. ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे.

मग खायचं की नाही?

खा की! फक्त ऑर्डर देतानाच सांगा, "दादा, रंग नको." मिरचीनं येणारा लाल रंग जरा मळकट असतो. नूडल्स नारिंगी-गुलाबी चमकत असतील तर शंका घ्या. मात्र खात्री प्रयोगशाळेतच होते. कढईतलं तेल काळं पडलंय का, फेसाळतंय का, तेही बघा. गाडीवाल्यालाही अन्नसुरक्षा नोंदणी लागते, तिचा १४ अंकी नंबर विचारायला लाजू नका. संशय आलाच तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार करता येते.

आणि यात गाडीवाल्याला खलनायक ठरवायची गरज नाही. रंग पडतो कारण लाल दिसलं की आपण जास्त मागतो. दहा जणांनी "रंग नको" म्हटलं, तर अकराव्याच्या प्लेटमध्ये तो पडणारच नाही.