बालकर्करोग : कुटुंब, गाव आणि वैद्य

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी पहिल्या दोहोंवर आपल्या परिषदांतून व अंकांतून विपुल चर्चा होते. उपस्थाता मात्र बहुधा पाठांतरापुरता उरतो. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण परीक्षेत लिहिले की आपले काम संपते. परंतु रुग्ण जेव्हा पाच-सहा वर्षांचे बालक असते, व्याधी कर्करोग असतो आणि उपचार घरापासून शेकडो किलोमीटर दूर दोन-तीन वर्षे चालावयाचा असतो, तेव्हा सारा भार या तिसऱ्या पादावर येतो. हा भार एकट्या आई-बापांना पेलत नाही. तो गावाने कसा वाटून घ्यावा आणि त्यात बुलढाणा जिल्ह्यातील वैद्याचे स्थान कोणते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. लहान मुलांचा कर्करोग हा प्रौढांच्या कर्करोगाची छोटी आवृत्ती नव्हे. त्याचा तंबाखूशी संबंध नाही. त्यात सर्वाधिक प्रमाण रक्ताच्या कर्करोगाचे असून त्याखालोखाल मेंदूतील गाठी, लसिकाग्रंथींचे, वृक्काचे व नेत्रपटलाचे कर्करोग येतात. यांपैकी बरेच उपचाराने पूर्ण बरे होतात. श्रीमंत देशांत अशी १०० पैकी ८० हून अधिक मुले जगतात. गरीब देशांत हेच प्रमाण ३० च्याही खाली राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी स्वतंत्र उपक्रम सुरू करून २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत असे उद्दिष्ट ठेवले. औषधे बहुतांशी तीच, मात्रा त्याच. तरी एवढे अंतर का? निदानाला उशीर, उपचारातील संसर्ग, कुपोषण आणि उपचार अर्धवट सोडणे ही त्याची मोठी कारणे आहेत. या चारही ठिकाणी गावचा वैद्य उभा असतो, हे लक्षात घ्यावे.

निदानाचेच पाहा. जिल्ह्यातील खेड्यांत आजारी मूल प्रथम आपल्याकडे येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, त्याच्या शाळा-अंगणवाडी तपासणी पथकांतही आयुष वैद्यकीय अधिकारीच असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळणारा ज्वर, वाढता पांडुत्व, मार न लागता उठणारे निळे डाग, हिरड्यांतून रक्त, रात्री झोपमोड करणारी हाडांची वेदना, मानेतील वा काखेतील न दुखणारी वाढती गाठ, आंघोळ घालताना आईच्या हाताला लागलेला पोटातील गोळा, सकाळी उठताच डोकेदुखीसह वांती, नव्याने आलेला तिरळेपणा, फोटोत बाहुलीत दिसणारी पांढरी चमक. यांपैकी काहीही आढळल्यास ‘आठ दिवस औषध घेऊन पाहू’ असे म्हणण्याची ही वेळ नव्हे. रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी. हाडे दुखणाऱ्या मुलास आमवात समजून परस्पर स्टिरॉइड देणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्याने रक्ताच्या कर्करोगाची लक्षणे काही दिवस झाकली जातात आणि निदान अधिक अवघड होते. सुश्रुताच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन अवश्य वाचावे. परंतु प्रत्येक आधुनिक निदानाला संहितेतील एखादे नाव चिकटवण्याच्या खटाटोपात दिवस घालवू नयेत.

निदान झाल्यावर घरात पहिला प्रश्न उठतो तो दोषाचा, आणि तो बहुधा आईवर ढकलला जातो. गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, कुठला नवस राहिला. येथे आपल्या शास्त्राची भाषाही जपून वापरावयास हवी. गर्भिणीच्या विरुद्धाहाराविषयी वैद्याने सहज उच्चारलेले एक वाक्य सासरघरी त्या माउलीविरुद्ध आयुष्यभराचा पुरावा ठरते. बालकर्करोगात आनुवंशिक दोष थोड्याच मुलांत सापडतो; उरलेल्यांत आई-बापांच्या कोणत्याही कृतीशी रोगाचा संबंध जोडता येत नाही. हे वैद्याने आजी-आजोबांच्या समक्ष, मोठ्याने सांगावे.

यानंतर प्रवास. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूरकडील कुटुंबे रेल्वेने मुंबई वा नागपूर गाठतात. चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडील लोकांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ पडते. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. शेगावहून मुंबईचे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी रेल्वेच्या शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण भाडेमाफी, तर सोबतच्या एका व्यक्तीस त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित प्रमाणपत्र लागते.

मुंबईत राहावयाचे कोठे, हा प्रश्न औषधाइतकाच मोठा आहे. श्वेतकण घटलेले मूल पदपथावर राहिले तर उत्तम औषधही हरते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवळांऐवजी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा आज कर्करुग्णांचा मोठा आधार आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचे काम १९६८ पासून चालू आहे. केवळ कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ मध्ये मुंबईत सेंट ज्यूड्स ही संस्था सुरू झाली. तेथे प्रत्येक कुटुंबास विनामूल्य स्वतंत्र खोली मिळते आणि स्वयंपाकघर सामाईक असते. शिधा घेऊन आईने आपल्या हाताने शिजवावे, ही तेथील पद्धत आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. मूल घरच्या चवीचे दोन घास अधिक खाते, आणि शेजारच्या चुलीवरची दुसरी आई, जिचे मूल वर्षभर पुढे गेले आहे, ती नव्या आईला जे सांगते ते कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

खर्चासाठी राज्यात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. वार्षिक दीड लाखाची तिची मर्यादा आता ५ लाखांवर गेली आहे. मात्र योजना कागदावर चालते. शिधापत्रिकेत बालकाचे नाव नसणे, आधारवरील जन्मतारीख चुकलेली असणे, अशा बाबींपायी आई मुलासह मुंबईत आणि बाप तहसील कार्यालयाच्या पायरीवर, असे चित्र दिसते. गावातील एखाद्या लिहित्या-वाचत्या तरुणाने हे एक काम अंगावर घेतले तरी बापाचे कित्येक दिवस वाचतात.

शिवाय योजनेत न बसणारा खर्च वेगळाच असतो. बुडालेली मजुरी, न पेरलेले शेत, विकलेली गाय, आजीकडे ठेवलेली धाकटी बहीण. येथे गावाची खरी कसोटी लागते. वर्गणी गोळा करणे सोपे आहे आणि गणेश मंडळे, बचत गट, भजनी मंडळे ते मनापासून करतात. परंतु पहिल्या महिन्यात जमलेली वर्गणी तिसऱ्या महिन्यात संपते आणि उपचार तिसऱ्या वर्षापर्यंत चालतो. म्हणून एकरकमी मदतीपेक्षा नेमून घेतलेली मदत अधिक टिकते, असे आमचे मत आहे. आपल्याकडे इर्जिकीची रीत आहे. अडलेल्याचे शेत सर्वांनी मिळून एका दिवसात उरकून द्यावयाचे. सोयाबीनची पेरणी व काढणी आणि कपाशीची वेचणी एवढ्या तीन वेळा इर्जीक झाली, तर बापाला उपचार सोडून गावी धावावे लागत नाही. धाकट्या भावंडांच्या शाळेचे व जेवणाचे कोणी एका घराने पत्करावे. ही भावंडे फार लवकर शहाणी होतात आणि त्यांचे दुखणे कोणी विचारत नाही.

रक्तदान हा दुसरा मार्ग. चाकण, पुणे, ठाणे भागांत आपल्या जिल्ह्यातील हजारो तरुण कामाला आहेत. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात, त्यामुळे गावात शिबिर भरवण्यापेक्षा रुग्णालयाजवळ राहणाऱ्या गाववाल्यांची यादी अधिक उपयोगी पडते. मात्र अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असल्यास सख्ख्या नातलगांचे रक्त टाळावे लागते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय भावाने-काकाने पुढे होऊ नये.

आता सर्वांत नाजूक टप्पा. रक्ताच्या कर्करोगात पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या उपचारानंतर मूल खेळू लागते, चेहरा भरतो. तो भरलेला चेहरा स्टिरॉइडचा असतो, पण गावाला वाटते तब्येत सुधारली. अस्थिमज्जेत विकृत पेशी ५ टक्क्यांहून कमी दिसल्या म्हणजे रोग शमला असे म्हणतात. तथापि सूक्ष्मदर्शकास न दिसणाऱ्या कोट्यवधी पेशी शरीरात उरलेल्याच असतात. पुढील दीर्घ उपचार त्यांच्यासाठी असतो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर ही अपुनर्भवाची चिकित्सा होय. नेमके याच वेळी पैसा संपलेला असतो, केमोचा कंटाळा आलेला असतो आणि कोणीतरी हमखास गुण देणाऱ्या औषधाचा पत्ता देतो. कधी तो पत्ता आपल्यापैकीच कोणाचा असतो, हे कटू असले तरी लिहिले पाहिजे. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यान्वये कर्करोग बरा करण्याची जाहिरात हा गुन्हा आहे. पण कायद्याहून मोठी बाब ही की, याच टप्प्यावर उपचार सुटला तर रोग उलटतो, आणि उलटलेला रोग बरा होण्याची शक्यता पुष्कळच कमी असते.

सदाफुलीचे उदाहरण बोलके आहे. या रोगात वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासूनच मिळते, हे ऐकून घरोघरी तिच्या पानांचा रस पाजला जातो. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून हे द्रव्य जेमतेम ग्रॅमभर निघते, ते केवळ शिरेतून देतात आणि त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. पानांच्या रसात ते किती आले आणि सोबत दुसरी कोणती विषद्रव्ये आली, हे कोणालाच ठाऊक नसते. तसेच मेथोट्रेक्सेटचे. हे औषध फोलेटला अटकाव करूनच काम करते. ज्या संशोधनातून ते आले त्यात आपल्या भीमावरमच्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता, आणि १९४८ मध्ये बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १६ मुलांवरील पहिले अनुभव प्रसिद्ध केले. अशा मुलास ‘रक्त वाढावे’ म्हणून परस्पर फॉलिक आम्लाच्या गोळ्या वा टॉनिक देणे औषधाच्या विरुद्ध जाते. यकृतावर आधीच भार असताना भस्मे, रसकल्प आणि गुळवेलीसारखी द्रव्येही उपचार करणाऱ्या पथकास दाखवल्याशिवाय देऊ नयेत.

पंचकर्माबाबत तर संदिग्धता नकोच. श्वेतकण वा प्लेटलेट कमी असताना बस्ती, रक्तमोक्षण, वमन, विरेचन यांपैकी काहीही करू नये. गुदमार्गाने ज्वरमापकसुद्धा लावत नाहीत, कारण तेथील सूक्ष्म जखमेतून जंतू रक्तात शिरतात. व्हिन्क्रिस्टीनमुळे मलावष्टंभ होतोच. त्याचे औषधही विचारूनच द्यावे. स्नायूत सुई टोचू नये.

मग वैद्याने करावयाचे काय? पुष्कळ आहे. तोंड आलेल्या मुलास मुद्गयूष, पेया, लाजामंड, ताजा मऊ भात हे आपल्याइतके कोण चांगले सांगू शकेल? अन्न शिजवलेले व ताजे, दूध उकळलेले, मध व कच्ची कोशिंबीर काही काळ बंद. पाणी उकळलेले, संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगावच्या खारपाणपट्ट्यात मात्र उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत, म्हणून तेथे पाण्याचा स्रोतच निराळा शोधावा. घरात ज्वरमापक असावा. काखेत ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट ज्वर आढळल्यास रात्र असो वा सण असो, तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू होईल अशा ठिकाणी मूल पोहोचले पाहिजे. यासाठी गावात कोणाची गाडी कधी उपलब्ध आहे हे आधीच ठरवून ठेवावे. घरी काढा देऊन सकाळची वाट पाहणे या एकाच आजारात प्राणघातक ठरते, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. गोवर-कांजिण्यांचा रुग्ण शेजारी निघाल्यास तेही त्वरित कळवावे.

गावी परतलेल्या मुलाच्या केसांचा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा त्या गावांकडे बाकीचे कसे पाहू लागले होते हे आपण अनुभवले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पुढे गव्हातील सेलेनियमकडे लक्ष वेधले. पण कारण पुढे येण्याआधी भीती पसरली होती. केमोने केस गेलेल्या मुलाच्या ताटाला, बाकाला लोक असेच टाळतात. कर्करोग संसर्गजन्य नाही, उलट आपल्यापासून त्या मुलास संसर्गाचे भय आहे, हे शाळेत जाऊन वैद्याने सांगितले तर शिक्षकांचे काम हलके होते.

सर्वच मुले वाचत नाहीत. काश्यपसंहितेच्या वेदनाध्यायात, बोलू न शकणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या हालचालींवरून कशी ओळखावी, हे बारकाईने सांगितले आहे. रोग हाताबाहेर गेल्यावर घरी आणलेल्या मुलाजवळ ही दृष्टी उपयोगी पडते. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर वेदनाशमनासाठी मॉर्फिन मिळणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. मुलाला दुखू न देणे हाही उपचार आहे, आणि त्यासाठी कुटुंबाने पुन्हा मुंबई गाठण्याची गरज नसते. उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी फोनवर बोलून जवळच्या ठिकाणी व्यवस्था लावता येते.

जी मुले वाचतात त्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालतो. काही औषधांचा हृदयावर, वाढीवर वा प्रजननक्षमतेवर उशिरा परिणाम दिसतो. विशीत आलेला तो तरुण दम लागतो म्हणून आपल्याकडे येईल, तेव्हा बालपणी कोणते औषध किती मिळाले हे कळणे अगत्याचे ठरेल. म्हणून उपचार संपताना रुग्णालयाकडून सारांशपत्र मागून घ्यावयास सांगावे, त्याची एक प्रत शेतीच्या कागदांसोबत घरच्या पत्र्याच्या पेटीत आणि दुसरी आपल्या दवाखान्यात ठेवावी.