न्यायमूर्तींना विचारायचं काय?

मागच्या वेळी इथेच, कळंबला, व्याख्यान संपता संपता मागच्या रांगेतून प्रश्न आला होता: "सर, न्यायमूर्ती नेमण्याआधी त्यांना कुणी काही विचारतं का हो?" तेव्हा वेळ उरला नव्हता. आज तिथूनच सुरुवात करू.

अमेरिकेत विचारतात. राष्ट्राध्यक्षांनी नाव दिलं की सिनेटची समिती त्या व्यक्तीला सर्वांसमक्ष प्रश्न विचारते, आणि त्यातले बरेचसे अडकवणारे असतात. १९८७ साली रॉबर्ट बॉर्क यांनी आपली मतं मोकळेपणानं, सविस्तर सांगितली. सिनेटनं ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यांना नाकारलं. कारणं इतरही होती, पण पुढचे सगळे सावध झाले. १९९३ मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी पवित्रा घेतला की, जे प्रकरण उद्या माझ्यापुढे येऊ शकतं, त्यावर आज काही सुचवणारही नाही. गर्भपाताच्या हक्कावर मात्र त्या स्पष्ट बोलल्या. त्यावर त्यांनी आधीच लिहिलेलं होतं. त्यांना ९६ मतं मिळाली, विरोधात फक्त तीन.

आपल्याकडे अशी जाहीर सुनावणी नाही. न्यायवृंद, म्हणजे कॉलेजियम, नाव सुचवतो आणि सरकार ते मान्य करतं किंवा परत पाठवतं. म्हणजे राजकीय प्रश्न उठत नाहीत असं नाही. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव सरकारनं परत पाठवलं. आक्षेप असा, की न्यायालयात प्रलंबित असलेल्या विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांवर मतं मांडली. जानेवारी २०२३ मध्ये न्यायवृंदानं उत्तर दिलं, की मत मांडल्यानं कुणी अपात्र ठरत नाही. नोव्हेंबरमध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. गंमत पाहा: आक्षेप सरकारचा, उत्तर न्यायवृंदाचं, आणि ज्यांच्याबद्दल हे सारं चाललं होतं त्यांना जाहीरपणे बोलायला जागाच नाही.

२०२५ मध्ये आरती साठे यांच्या वेळी आक्षेप उलट बाजूनं आला. त्या भाजपच्या प्रवक्त्या होत्या, म्हणून विरोधक बोलले. त्यांनी आधीच राजीनामा दिलाय, हे उत्तर पक्षानं दिलं.

आम्ही वर्गात एक फरक शिकवायचो. मत असणं वेगळं, आणि समोरचं ऐकण्याआधीच निकाल ठरवून बसणं वेगळं. ज्याला कशावरच मत नाही असा माणूस न्यायासनावर बसवून काय करणार? पण आपल्या सातबाऱ्याचा दावा घेऊन वसईच्या कोर्टात किंवा पुढे हायकोर्टात जाणाऱ्या माणसाला एवढी खात्री हवी, की आपलं म्हणणं ऐकलं जाईल.

म्हणून "अमुक विषयावर तुमचं मत काय" हा प्रश्न आम्हाला चुकीचाच वाटतो. खरं उत्तर दिलं तर बांधिलकी होते, टाळलं तर सगळेच टाळतात. "कोणत्या प्रकरणांतून तुम्ही स्वतःहून बाजूला व्हाल?" हे विचारावं. याचं उत्तर कुठलाही निकाल आधी न सांगता देता येतं, आणि पुढे ते पाळलं की नाही हेही तपासता येतं. आज आपल्याकडे बाजूला व्हायचं की नाही, हे ज्याचं त्या न्यायमूर्तीनंच ठरवायचं असतं.