तळणीचा धंदा : आवरण टिकले तर नफा टिकेल

रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी समोसे आणि भजी गल्लोगल्ली मिळतात. सगळ्यांकडे एकच माल असला की शेवटी भाव पाडण्याचीच चढाओढ होते. म्हणून भेजा, अंडे, बोंबील, एवढेच काय आइस्क्रीमही तळून विकणारे बांधव आहेत. मात्र पुष्कळांचा अनुभव असा की, आवरण तेलात सुटते, माल तेलकट होतो, तेल काळे पडते आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. हे का होते, ते आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

तेलात पडताच जिन्नसातील पाण्याची वाफ होते व ती बाहेर पडू पाहते. जिन्नस वरून ओला असेल तर ही वाफ आवरण ढकलून देते. यावर उपाय तीन थरांचा. आधी जिन्नस कोरडा पुसून त्यावर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरावे, मग फेटलेल्या अंड्यात बुडवावे, शेवटी ब्रेडचा चुरा किंवा रवा लावावा. पंधरा-वीस मिनिटे ठेवून मग तळावे. बेसनाचे आवरण असेल तर चार वाट्या बेसनाला एक वाटी तांदळाचे पीठ घालावे, म्हणजे कुरकुरीतपणा येतो. सोडा चिमूटभरच घालावा, जास्त झाल्यास माल तेल पितो.

आता एकेक जिन्नस पाहू.

भेजा : थंड पाण्यात ठेवून वरची पातळ साल व शिरा काढाव्यात. हळद-मिठाच्या पाण्यात मंद आचेवर उकडून पूर्ण थंड करावा. घट्ट झाल्यावरच तुकडे करून तीन थर द्यावेत.

उकडलेले अंडे : पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने पीठ घसरते. अख्खे अंडे तेलात फुटू शकते, म्हणून अर्धे कापून कोरड्या पिठात घोळवावे.

ओले बोंबील : यांत पाणी फार. चिरून, मीठ लावून वजनाखाली अर्धा तास दाबून ठेवावेत, मग मसाला आणि रवा-तांदूळ पीठ लावावे.

खिम्याचे जाळीदार कटलेट : येथे क्रम उलटा. आधी चुरा, शेवटी अंडे. गरम तेलात अंड्याची जाळी फुलते.

आइस्क्रीम : गोळे रात्रभर गोठवावेत. अंडे व बिस्किटाचा चुरा यांचे दोन थर देऊन पुन्हा गोठवावेत. कडक तापलेल्या तेलात दहा-पंधरा सेकंदच तळून लगेच द्यावेत.

इतर मालासाठी तेल १७० ते १८० अंश सेल्सिअस असावे. एकदम जास्त नग टाकले की तेल थंड होते व माल तेल शोषतो. खाली साचलेला चुरा वरचेवर काढावा, कारण तोच जळून तेल काळे करतो. १ जुलै २०१८ पासून लागू झालेल्या नियमानुसार, ज्यात एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांहून अधिक आहेत असे तेल वापरता येत नाही. फेस येणारे, चिकट, वास मारणारे तेल तर मोजणीची वाट न पाहता बाजूला काढावे. गरम माल वर्तमानपत्रात बांधू नये, शाई अन्नात उतरते.

नवा जिन्नस गाडीवर मांडण्याआधी घरी दहा नग तळून पाहावेत. किती तेल गेले, किती नगांचे आवरण सुटले याची नोंद ठेवावी आणि मगच भाव ठरवावा.