खारं पाणी आणि रक्तवाहिनीचं अस्तर

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि बुलडाणा जिल्ह्याचं नाव देशभर झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा उलगडा झाला. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि मिठातच सुखानं जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले होते. त्यांच्या पेशींत कॅरोटिनॉइड हे रंगद्रव्य असतं. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुळातलं हे द्रव्य त्यांना प्रखर उन्हापासून आणि ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांपासून वाचवतं.

याच जिल्ह्यात घाट उतरून खाली गेलं की दुसरं खारं पाणी भेटतं. तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या कित्येक गावांत विहिरीचं नि बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. किडनीच्या आजारांमुळे ही गावं वारंवार बातम्यांत येतात. त्या आजारांना एकच कारण नाही. पण जास्त मीठ शरीरात गेल्यावर रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे विज्ञानाला आता बऱ्यापैकी कळलं आहे.

रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. त्याला एंडोथेलियम म्हणतात. पूर्वी त्याला नुसतं आवरण समजत. 1980 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. अस्तर शाबूत असताना ॲसिटिलकोलीन या औषधानं धमनी सैल पडे; अस्तर खरवडून काढलं की तेच औषध निकामी ठरे. म्हणजे वाहिनीला सैल पडण्याचा निरोप हे अस्तरच देत होतं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढे सिद्ध झालं आणि 1998 चं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं.

हा निरोप वाटेतच हरवतो, तिथून दुखणं सुरू होतं. पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा सुपरऑक्साइडसारखे उतावळे रेणू तयार होतात. थोडे असले तर शरीरातली विकरं त्यांना आवरतात. ते आवरेनासे झाले की त्या अवस्थेला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला गाठतो आणि दोघांचं मिळून पेरॉक्सिनायट्राइट हे जहाल रसायन बनतं. मग नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकरही बिघडतं आणि स्वतःच सुपरऑक्साइड सोडू लागतं. वाहिनी आखडते आणि रक्तदाब चढतो. एलडीएल कोलेस्टेरॉलचंही ऑक्सिडीकरण होतं आणि त्याची पुटं भिंतीत साचतात.

जास्त मीठ या बिघाडाला हातभार लावतं. रक्तदाब अजून वाढलेला नाही अशा माणसांतही खारट आहारानंतर अस्तराचं काम मंदावल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. मीठ ताटातून आलं की घागरीतून, शरीराला त्यानं फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ सांगते. जिथे पाणीच खारं, तिथे लोणचं, पापड आणि ठेचा यांतलं मीठ आणखी जपूनच घ्यायला हवं. वर तंबाखूचा खर्रा, विडी आणि वाढती साखर यांचा भार त्याच अस्तरावर पडतो.

मग ‘अँटिऑक्सिडंट’च्या गोळ्या घेतल्या तर? ब्रिटनमधल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीनं हे वीस हजारांहून अधिक लोकांवर तपासलं. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षं जीवनसत्त्व ई, सी आणि बीटा कॅरोटीन दिलं. 2002 मध्ये निकाल आला: हृदयविकार कमी झाला नाही. बीटा कॅरोटीन हे लोणारच्या त्या रंगद्रव्याचंच भाऊबंद. सूक्ष्मजीव आपली ढाल स्वतःच्या पेशीत घडवतात. बाटलीतल्या गोळीनं तसं संरक्षण आपल्याला मिळत नाही. म्हणून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं मूळ कारणच हटवावं लागतं.

त्यातलं पहिलं काम गोड्या पाण्याचं. वान धरणाचं पाणी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या गावांना देण्यासाठी 140 गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली. नळाला नियमित गोडं पाणी येणं हा या भागात आरोग्याचाच प्रश्न आहे आणि ग्रामसभेत तो त्याच शब्दांत मांडला गेला पाहिजे.

दुसरं काम आपल्या हातातलं. अस्तराचा बिघाड दुखत नाही, चढलेला रक्तदाबही बहुधा दुखत नाही. तो मोजावाच लागतो. गावच्या आरोग्य उपकेंद्रात तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी मोफत होते. या दिवाळीत घरी आलेल्या काका-काकूंना, मामा-मामींना फराळानंतर तिथे घेऊन जा, आणि स्वतःचाही दंड पुढे करा.